शिवणीतली माया

दिवाळीपूर्वी शिंप्याच्या दुकानात गर्दी असते त्या दिवसांत एक शब्द हमखास कानावर पडतो. "पोराचं अंग वाढतंय, शिवणीत जरा माया ठेवा," असे कोणीतरी आई सांगत असते. तयार कपड्यांच्या काळात हा शब्द थोडा मागे पडला असेल, पण विसरला गेलेला नाही. माया म्हणजे शिवणीच्या आत दुमडून ठेवलेले जादा कापड. आज ते दिसत नाही आणि आज त्याचा उपयोगही नसतो. पुढल्या वर्षी मुलगा वाढला म्हणजे शिवण उसवायची, दुमड मोकळी करायची, की तोच सदरा पुन्हा अंगाला बसतो. आईच्या प्रेमाला आपण जो शब्द वापरतो तोच मराठीने या जादा कापडाला दिला आहे, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते.

या लहानशा शब्दात एक मोठा प्रश्न दडलेला आहे. जे अजून आलेले नाही त्याच्यासाठी आज किती जागा राखावी? आणि ते आले, व राखलेली जागा अपुरी पडली, तर वाकायचे कोणी? येणाऱ्याने की जागेने? घरातल्या पंगतीपासून राज्याच्या घटनेपर्यंत हा प्रश्न सर्वत्र आहे. परंतु त्याचे अगदी उघडे, कसलाही अलंकार नसलेले रूप पाहायचे असेल तर एका रूक्ष ठिकाणी जावे लागते. ते ठिकाण म्हणजे संगणकाच्या फायलीतील रकान्यांची लांबी. वाचकांनी दचकू नये. किराण्याच्या दुकानातली आडव्या-उभ्या रेघांची वही ज्याने पाहिली आहे त्याला हा विषय कठीण नाही.

१९८८ साली अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातल्या रॉचेस्टर या गावी असलेल्या आय.बी.एम.च्या कारखान्यातून एक यंत्र बाजारात आले. त्याचे नाव एएस/४००. खोली व्यापणाऱ्या महाकाय संगणकांहून धाकटे आणि टेबलावरच्या संगणकाहून थोरले, म्हणून त्याची गणना मध्यम श्रेणीत होते. त्याचे पूर्वज सिस्टम/३८ आणि सिस्टम/३६ हे अनुक्रमे १९७८ आणि १९८३ सालचे. पुढे २००० साली त्याचे नाव आयसिरीज झाले, नंतर सिस्टम आय, आणि २००८ पासून त्याची कार्यप्रणाली आय.बी.एम. आय या नावाने ओळखली जाते. नावे बदलली तरी जुने प्रोग्राम नव्या यंत्रावर चालत राहावेत ही या घराण्याची रीत आहे. म्हणून गोदामे, कारखाने, बँका, विमा कंपन्या अशा ठिकाणी त्याच्यावर पिढ्यान्‌पिढ्यांचे हिशेब साठले आहेत.

त्या यंत्रातली फाइल म्हणजे एक वहीच. वहीतली प्रत्येक ओळ ही एक नोंद आणि नोंदीत रकाने: गिऱ्हाइकाचे नाव, गाव, येणे रक्कम, तारीख. फरक इतकाच, की कागदाच्या वहीत नाव लांबले तर कारकून अक्षर बारीक करतो, ओळीवर चढवतो, समासात घुसवतो. यंत्राला ही सवलत नाही. नावाला वीस घरे म्हणजे वीसच घरे, रकमेला सात अंक म्हणजे सातच अंक. फाइल बनवतानाच हे कोणीतरी ठरवलेले असते. ज्याने ते ठरवले त्याने त्या दिवशी, नकळत का होईना, एक भविष्य वर्तवलेले असते: याहून लांब नाव कधी येणार नाही, याहून मोठी रक्कम आमच्या दुकानात कधी होणार नाही.

कोणी म्हणेल, यात नीतीचा प्रश्न कुठे आला? हे तर कारकुनी काम. मलाही प्रथमदर्शनी तसेच वाटले असते. पण न मावणाऱ्या वस्तूचे यंत्र काय करते, हे पाहिले म्हणजे मत बदलते.

अक्षरांचा मजकूर रकान्यात मावला नाही तर त्याचे शेपूट कापले जाते. रोमन लिपीत सहस्रबुद्धे हे आडनाव लिहायला तेरा अक्षरे लागतात. रकाना दहा अक्षरांचा असला तर ते 'सहस्रबुद्'पाशी थांबते, आणि त्या सद्गृहस्थांची बुद्धी अर्ध्यावर तुटते. अंकांची तऱ्हा उलटी. जुन्या कोबोल प्रोग्रामात मोठी रक्कम लहान रकान्यात सरकवली तर तिचे डोके जाते. सव्वा लाख रुपये, म्हणजे १,२५,०००, पाच अंकांच्या रकान्यात गेले की २५,००० उरतात. कुठे घंटा वाजत नाही, कुठे तांबडा दिवा लागत नाही. तुटलेले नाव निदान ओरडून सांगते की मला कापले आहे. तुटलेला आकडा मात्र साळसूदपणे बसून राहतो, कारण पंचवीस हजार हा आकडा स्वतःपुरता पूर्ण आणि सभ्य दिसतो. त्या आकड्यावर उद्या कोणाचे देणे ठरेल, कोणाचे कर्ज नामंजूर होईल. म्हणूनच हा प्रश्न कारकुनी राहत नाही. नकार देणाऱ्याशी भांडता तरी येते. जो गुपचूप कापतो त्याच्याशी भांडण कसे मांडणार?

मग पहिल्यांदा माप ठरवणारे लोक दुष्ट होते काय? मुळीच नाही. १९२८ साली आय.बी.एम.ने ऐंशी स्तंभांचे छिद्रित पत्र काढले. पुढे कित्येक दशके जगातली माहिती त्या ऐंशी घरांत राहिली. एका पत्रावर माणसाचे नाव, पत्ता, खाते आणि तारीख बसवायची म्हणजे घर न् घर मोलाचे. तेव्हा वर्षाचे चार अंक लिहिण्याऐवजी दोनच लिहिण्याची प्रथा पडली. १९६५ च्या जागी ६५. ही काटकसर होती, आणि काटकसरीला आपण एरवी सद्गुणच म्हणतो. पण त्या काटकसरीत एक गोष्ट गृहीत धरलेली होती, ती ही की शतक बदलेपर्यंत हे सारे जुने होऊन गेलेले असेल. ते गेले नाही. विसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबई-पुण्यातले किती तरी तरुण, कोणी येथे बसून, कोणी अमेरिकेत जाऊन, दुसऱ्यांच्या जुन्या प्रोग्रामांतले ते दोन अंक शोधत होते. १ जानेवारी २००० रोजी जग बुडाले नाही, तेव्हा काहींनी म्हटले की ती सारी हाकाटीच होती. पूर येण्यापूर्वी बांध घातला आणि गाव वाचले, म्हणजे पूर खोटा होता असे म्हणण्यासारखेच हे झाले.

काटकसर स्वतःच्या ताटात केली तर ती संयम असते. दुसऱ्याच्या ताटातली केली आणि तो दुसरा अजून जन्मलाच नसला, तर तिला काय म्हणावे? येथे आपल्याला एक बारीक भेद करावा लागतो. पुढचे दिसले नाही, हा दोष म्हणता येत नाही, कारण पुढचे कोणालाच दिसत नाही. पुढचे दिसत नाही हे ठाऊक असूनही आत दुमड ठेवली नाही, हा मात्र दोष आहे. यंत्रातही अशी दुमड असते. या यंत्रावर अंक साठवण्याची एक आवळ रीत आहे. तीत एका बाइटात दोन अंक बसतात आणि शेवटचे अर्धे बाइट चिन्हाला जाते. सहा अंकांचा रकाना असा ठेवला तर चार बाइट लागतात व त्यातले अर्धे रिकामे राहते. सात अंकांचा ठेवला तरीही चारच बाइट लागतात. म्हणून जाणता माणूस सहाच्या ऐवजी सात लिहितो. यंत्राला एक कणभरही जास्त खर्च नाही आणि दहापट मोठ्या रकमेला जागा होते. काही मंडळी नोंदीच्या शेवटी मुद्दाम कोरी जागा सोडून ठेवत. पंगतीत एक पान जास्त मांडण्याची आपल्याकडची चाल याच जातीची.

पण दुमडीलाही अंत आहे. केव्हा तरी ती संपते आणि लांबी बदलण्याचा दिवस उजाडतो. मला खरा विचार करायला लावतो तो हा दिवस.

बाहेरच्या माणसाला वाटते, वीसच्या जागी चाळीस लिहिले की झाले. परंतु फाइल एकटी नसते. तिच्यावर आधारलेल्या, निरनिराळ्या क्रमाने तीच माहिती दाखवणाऱ्या दुसऱ्या फायली असतात. जणू एकाच गोदामाच्या वेगवेगळ्या खिडक्या. शिवाय शेकडो प्रोग्राम त्या फाइलचा आराखडा मनात धरून बसलेले असतात: नाव अमुक घरापासून, रक्कम तमुक घरापासून. जुनी रीत अशी, की मूळ फाइल बाजूला ठेवावी, नवी बनवावी, रकान्यांची नावे जुळवून माहिती तिच्यात उतरवावी, खिडक्या पुन्हा बसवाव्यात आणि मग एकेक प्रोग्राम नव्याने सिद्ध करावा. पुढे यातला पुष्कळसा भाग एका आज्ञेने होऊ लागला, पण आराखडा मनात धरणाऱ्या प्रोग्रामांना नवा आराखडा शिकवण्याचे काम चुकले नाही. एका नावाला वीस घरे जास्त द्यायची तर साऱ्या वाड्याला विचारावे लागते.

आणि एखाद्या प्रोग्रामाला सांगायचे राहून गेले तर? येथे या यंत्राची एक सुंदर रीत आहे. प्रत्येक आराखड्याची, त्यातल्या रकान्यांची नावे व लांबी यांवरून, एक मोहोर तयार होते. प्रोग्राम सिद्ध होताना ती मोहोर आपल्यापाशी ठेवतो. तो फाइल उघडायला गेला की यंत्र दोन्ही मोहरा ताडून पाहते. जुळल्या नाहीत तर फाइल उघडतच नाही. काम थांबते, गोदामातला माणूस खोळंबतो, रात्री फोन वाजतात. पण खोटे वाचले जात नाही. गावाच्या नावातली चार अक्षरे रक्कम म्हणून बेरजेत घेतली जात नाहीत. करार बदलला आहे हे कळल्यावाचून व्यवहार करणार नाही, असा तो बाणा आहे.

ही तपासणी बंद करण्याचीही सोय आहे. 'ताडून पाहू नको' असे फाइलला एकदा सांगितले की यंत्र निमूटपणे सारे उघडून देते. काही प्रसंगी, बदल शेवटच्या रकान्यापुरता असेल आणि करणाऱ्याने पुरता विचार केलेला असेल, तेव्हा ही सोय निरुपद्रवी ठरते. पण रात्री दोन वाजता, थकलेल्या माणसापुढे ती मोहाच्या रूपाने उभी राहते. काम चालू होते, फोन थांबतात, आणि चूक आत उतरते. खोळंबा सर्वांना दिसतो, खोटेपणा कोणालाच दिसत नाही. म्हणून दिसणारे संकट टाळण्यासाठी न दिसणारे संकट पत्करण्याकडे मनुष्याचा कल असतो. संसारात तरी दुसरे काय होते? घरातला एखादा माणूस बदललेला असतो, सून आता पूर्वीची बुजरी मुलगी राहिलेली नसते, म्हातारे वडील आता पूर्वीचे कर्ते राहिलेले नसतात, आणि आपण जुन्याच आराखड्याने त्यांना वाचत असतो. ताडून पाहिले तर भांडण होईल, म्हणून ताडून पाहायचेच नाही, असे ठरवतो. शांतता राहते, पण वाचन चुकत जाते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. वाकायचे कोणी?

२०१३ सालची गोष्ट. अमेरिकेच्या हवाई राज्यात वाहनाच्या परवान्यावर आडनावासाठी ३५ अक्षरांची जागा होती. तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतले एक आडनाव तीत मावेना. त्याविषयी तक्रार झाली, चर्चा झाली, आणि राज्याने ती जागा ४० अक्षरांची केली. नाव लहान करून घेणे सोपे होते, स्वस्त तर होतेच. पण नाव पूर्वजांनी दिलेले होते आणि ३५ हा आकडा एका आराखड्याने दिलेला होता. या दोहोंत कोण जुने आणि कोण पाहुणे, हे राज्याने अखेर ओळखले.

आपल्या लिपीलाही हा अनुभव आहे. ज्ञानेश्वर हे नाव आपण चार अक्षरांत लिहितो. रोमन लिपीत त्याला अकरा अक्षरे, म्हणजे अकरा बाइट पुरतात. पण आज सर्वत्र रूढ असलेल्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, आणि काना, मात्रा, हलन्त हे सारे वेगळे मोजले जातात. ज्ञानेश्वर या चार अक्षरांत अशी दहा चिन्हे आहेत, म्हणजे तीस बाइट झाले. वीस बाइटांचा रकाना ज्याने केला त्याने ज्ञानेश्वरांचा द्वेष केला असे नाही. त्याच्या डोळ्यांपुढे आपली लिपीच नव्हती. पण परिणाम एकच होतो. न आठवलेल्या माणसाला जागा उरत नाही.

याला दुसरी बाजू आहे आणि ती न्यायाने मांडली पाहिजे. सर्वांना पुरेल इतकी जागा कोणीच ठेवू शकत नाही. या यंत्राचा नेहमीचा पडदा २४ ओळींचा आणि ८० स्तंभांचा. छापील अहवालाची ओळ १३२ अक्षरांची. नावाला दुप्पट जागा दिली तर पत्त्याचा नाही तर रकमेचा रकाना त्या ओळीतून बाहेर पडतो. एकाला दिलेली जागा दुसऱ्याची असते. ज्याला कसलीच सीमा नाही असा रकाना आणि ज्याला कसलाच आकार नाही असा सदरा, दोन्ही निरुपयोगी. तेव्हा मर्यादा असणे यात पाप नाही. मर्यादा आपण घातलेली आहे हे विसरून ती सृष्टीचा नियम आहे असे वागणे, यात आहे.

लांबी बदलण्याचे काम चांगले कसे करावे याचे एक उदाहरण या अंकाच्या वाचकांच्या हाताशीच आहे. कोणत्याही पुस्तकाच्या पाठीवर एक क्रमांक असतो, त्याला आयएसबीएन म्हणतात. पूर्वी तो दहा अंकी होता. ती संख्या अपुरी पडणार हे दिसू लागले, तेव्हा संपण्याची वाट न पाहता आधी घोषणा झाली आणि १ जानेवारी २००७ पासून तो तेरा अंकी झाला. जगभरच्या प्रकाशकांनी, ग्रंथालयांनी, दुकानांनी आपापल्या फायलींतले रकाने रुंद केले. जुन्या पुस्तकांचे क्रमांक रद्द झाले नाहीत. त्यांच्यापुढे ९७८ लावले, शेवटचा तपासणीचा अंक नव्याने काढला, आणि कालची पुस्तके उद्याच्या यादीत जशीच्या तशी बसली. आधी सांगणे, सर्वांनी मिळून बदलणे आणि जुन्याला न गमावणे, या तीन गोष्टी साधल्या तर माप बदलण्यात कोणाचाही अपमान होत नाही.

उलट उदाहरणही आहे. वर्षाचे दोन अंक चार करण्याऐवजी पुष्कळ ठिकाणी एक तोडगा काढला गेला. या यंत्रावर दोन अंकी वर्ष ठरावीक रीतीने असे वाचले जाते: ४० ते ९९ असेल तर विसावे शतक, ०० ते ३९ असेल तर एकविसावे. म्हणजे १९४० ते २०३९ ही शंभर वर्षे सुखाची. जे रकाने अजून दोन अंकीच राहिले आहेत त्यांच्यापुढे २०४० साल उभे आहे. तोडगा काढणाऱ्यांना दोष देणे सोपे आहे. वेळ थोडा होता आणि तारीख हलणार नव्हती. पण आज आपल्याला वेळ आहे आणि तारीख दिसते आहे. जे त्यांना क्षम्य होते ते आपल्याला क्षम्य राहील असे मला वाटत नाही.

येत्या पाडव्याला आपण ज्याचे नाव घेऊ त्या बळीराजाची कथा या संदर्भात मला नव्याने कळते. तीन पावले जमीन द्यायची हे माप त्याने एका बटूच्या पावलाकडे पाहून ठरवले होते. पाऊल वाढले, माप चुकले. बळीपाशी तेव्हा एक वाट होती: पाऊल लहान करा असे म्हणण्याची. त्याने ते म्हटले नाही. दोन पावलांत सारे संपल्यावर तिसऱ्यासाठी त्याने आपले मस्तक पुढे केले. आपल्या अंदाजाची चूक आपल्या अंगावर घेतली, पाहुण्याच्या अंगावर ढकलली नाही. राज्य गमावलेल्या राजाच्या नावाने आपण अजून दिवा लावतो आणि इडापिडा टळून बळीचे राज्य यावे असे म्हणतो, त्याच्या मुळाशी ही एक गोष्ट असावी.

या यंत्रावर फाइलमध्ये असा बदल करू गेले की ज्यामुळे साठवलेली माहिती गळून पडेल, तर ते मध्येच थांबते आणि चालकाला विचारते: ही फाइल बदलल्याने माहिती हरवण्याचा संभव आहे. उत्तर एका अक्षराचे असते. एक अक्षर म्हणजे बदल रद्द, दुसरे म्हणजे दुर्लक्ष करून पुढे. काय हरवणार आहे याची किंमत यंत्राला ठाऊक नसते. ती नोंद कोणाची, त्या आकड्यावर कोणाचे पेन्शन उभे आहे, ते नाव कोणाच्या आजोबांनी ठेवले, हे त्याला कळण्याचा मार्ग नाही. म्हणून ते माणसाला विचारते. माणसाने उठावे, ज्यांच्या नोंदी आहेत त्यांच्याकडे जावे, विचारून यावे आणि मग उत्तर द्यावे. उत्तर मिळेपर्यंत यंत्र थांबून राहते.